जमावाच्या आधी काय झालं? : पूर्वग्रहानं मोडलेल्या बालमैत्रीची कथा लिहिताना

मुंबईतल्या बालमैत्रीवरच्या कथा माझ्याकडे वाचायला येतात तेव्हा मी आधी एकच गोष्ट शोधते : मैत्री मोडली कुणी? बहुतेक कथांत उत्तर मिळत नाही. दंगल होते, काचा फुटतात, एक कुटुंब रातोरात खोली सोडतं आणि मागे राहिलेलं मूल गॅलरीत उभं राहून रडतं. सगळा दोष जमावाचा. जमावाला चेहरा नसतो, त्यामुळे लिहिणाराही सुटतो आणि वाचणाराही.

मीही असंच लिहिलं होतं. १९९३ च्या जानेवारीत आमच्या मजल्यावरून एक मुसलमान कुटुंब निघून गेलं. त्यांची मुलगी वर्गात माझ्या बाकावर बसायची. मी अकरा वर्षांची होते. पुढे खूप वर्षांनी त्यावर कथा लिहिली, तिच्यात मी खिडकीतून बघणारी बिचारी मुलगी होते. एका ज्येष्ठ लेखिकेनं ती वाचून मला विचारलं, ‘‘त्याच्या आधीचा महिनाभर तू तिच्याशी कशी वागत होतीस?’’ उत्तर मला माहीत होतं. डिसेंबरपासून मी मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर डबा खात नव्हते. मला तसं कुणी सांगितलंही नव्हतं. ती कथा मी फाडून टाकली. त्यानंतर जे शिकले ते इथे क्रमानं मांडते आहे. सोबत एक काल्पनिक कथा रचत जाऊ, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

पायरी पहिली : साल आणि पत्ता

‘मुंबईतली एक चाळ’ एवढ्यावर कथा उभी राहत नाही. कोणतं साल, कोणता भाग, चाळीत कोण कोण राहतं आणि त्या साली कोण कुणावर चिडलेलं आहे, हे आधी ठरवा. मुंबईत रागाचा रोख दर काही वर्षांनी बदलत आला आहे. साठच्या दशकात तो दाक्षिणात्यांवर होता, १९९२-९३ मध्ये मुसलमानांवर, २००८ मध्ये रेल्वेभरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांवर. प्रत्येक वेळेची शिवी वेगळी, कारणं वेगळी, घरात त्याचं होणारं समर्थनही वेगळं. एकातलं उचलून दुसऱ्यात चिकटवलं की जाणता वाचक लगेच ओळखतो.

स्वतःची जखम अजून ओली असेल तर साल मागे न्या. मी तेच केलं. आपली कथा १९६८-६९ ची, परळच्या एका चाळीतली. कुमुद दहा वर्षांची, वडील गिरणीत. सव्वीस नंबरच्या खोलीत जलजा राहते, तिचे वडील दादर स्टेशनजवळच्या उडपी हॉटेलात स्वयंपाकी. मालक नव्हेत, स्वयंपाकी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण चाळीतल्या पोरांना तो दिसणार नाही.

आता इतिहासाचा एक धागा बघा. जलजाच्या घरी तुळू बोलतात. तिचं गाव दक्षिण कन्नड जिल्ह्यातलं. हा जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता, त्या दिवशी तो म्हैसूर राज्यात गेला. त्याच दिवशी बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूरमध्ये गेलं आणि सीमाप्रश्नाची ठसठस सुरू झाली. म्हणजे चाळ जलजाला ‘मद्रासी’ म्हणते तेव्हा तिचं गाव मद्रासमधून जाऊन बारा वर्षं झालेली आहेत. आणि सीमाप्रश्न तापल्यावर तीच चाळ तिला ‘कानडी’ म्हणायला लागते, जिच्या घरात चुलीपाशी कन्नडही बोलत नाहीत. एकाच मुलीला दोन वर्षांत दोन चुकीची नावं मिळतात. ही गोष्ट मला कल्पनेतून सुचली नसती, नकाशा बघितला म्हणून सापडली. तुम्हीही जुने नकाशे बघा.

त्या काळातल्या बारीक गोष्टी तपासायला दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, फोर्टात एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय आहे. जुनी वर्तमानपत्रं चाळताना बातम्यांपेक्षा जाहिराती जास्त वाचा. कोणत्या नोकरीसाठी काय मागत होते, इंग्रजी लघुलेखन येणाऱ्याला कसा भाव होता, हे तिथे कळतं. चुका टाळायला एक लहानशी यादी जवळ ठेवावी. ट्राम मार्च १९६४ मध्येच बंद झाली, तेव्हा १९६९ च्या कथेत तिची घंटा वाजवू नका. दूरदर्शन मुंबईत २ ऑक्टोबर १९७२ ला आलं. मॅट्रिक तेव्हा अकरावीला होती. १९६७ च्या डिसेंबरातला कोयनेचा भूकंप मुंबईतही जाणवला होता, तो कुमुद-जलजाच्या आठवणीत असायला हवा.

पायरी दुसरी : मैत्रीला काम द्या

‘त्या दोघी जिवलग मैत्रिणी होत्या’ हे वाक्य खोडा. मुलांची मैत्री कामातून आणि खेळातून दिसते. कुमुद आणि जलजा पहाटे आरेच्या दूध केंद्रावर रांग लावतात. दोन घरांची दोन कार्डं. एक दिवस कुमुद दोन्ही कार्डं घेऊन जाते, दुसऱ्या दिवशी जलजा. त्यामुळे प्रत्येकीला एक दिवसाआड झोप मिळते. कार्ड दुसरीच्या हातात देणं ही त्या वयातली मोठी गोष्ट आहे, कारण हरवलं तर घरी मार. दुपारी सागरगोटे. जलजा गणितात पक्की, कुमुद तिला शुद्धलेखन सांगते. मराठीच्या बाईंनी एकदा वर्गात सांगितलेलं असतं की कुमुद म्हणजे पाण्यात उमलणारं फूल आणि जलजा म्हणजेही पाण्यात जन्मलेली. त्या दिवशी दोघी वेणी सारख्या रिबिनीची घालतात. कट्टी होते, दोन दिवसांनी बट्टी होते. भांडणंही लिहा. कधीच न भांडणाऱ्या मुली मोठ्या माणसांच्या कल्पनेत असतात.

मग याच पायरीवर सगळ्यात नीट विचार करायची गोष्ट येते. मैत्रीनं कुमुदला असं काय दिलं आहे, जे चाळीतल्या दुसऱ्या कुणाकडे नाही? ते शोधा आणि कथेच्या पहिल्या एक-तृतीयांशातच वाचकाच्या हाती ठेवा. कारण पुढे दगा त्याच वस्तूनं होणार आहे. बाहेरून आणलेल्या शस्त्रानं केलेला घात वाचकाला धक्का देतो, घरातल्या वस्तूनं केलेला त्याला झोपू देत नाही.

आपल्या कथेत ती वस्तू एक हाक आहे. तुळूत आईला ‘अप्पे’ म्हणतात. जलजा पाण्याची कळशी कमरेवर घेऊन जिना चढते, हात मोकळे नसतात, तेव्हा ती खालच्या पायरीवरूनच ‘अप्पेऽऽ’ अशी हाक मारते आणि आई आतून कडी काढते. कुमुद त्या घरात रोज असते. रगड्यावर वाटलेल्या तांदळाच्या पिठाचे पांढरेशुभ्र नीर दोसे तिनं त्या घरी खाल्ले आहेत. ती हाक तिच्या कानात इतकी बसली आहे की एकदा गंमत म्हणून ती स्वतः तशी हाक मारते आणि जलजाची आई खरोखर दार उघडते. तिघी पोट धरून हसतात. हा प्रसंग आनंदानं लिहा, लेखणी आखडू नका. पुढचं तुम्हाला माहीत आहे म्हणून इथे सावली पाडायची नाही.

पायरी तिसरी : पूर्वग्रह घरात शिरवा

इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात. एक दुष्ट काका येतो, शिव्या देतो, आणि मूल त्याचं ऐकतं. असं क्वचितच होतं. मूल ज्यांच्यावर माया करतं त्यांच्याकडूनच ते हे शिकतं आणि तेही मायेच्याच सुरात. कुमुदचे वडील जलजाच्या घरच्या बोलण्याला ‘यंडुगुंडू’ म्हणतात, पण जलजा ताप येऊन पडली तर डॉक्टरकडे तेच घेऊन जातात. आई दिवाळीत फराळाचं ताट सव्वीस नंबरला पाठवते आणि ताट परत आलं की जरा जास्त घासते. घासताना ती काही बोलत नाही. कुमुद बघते. एवढंच लिहा, पुढे स्पष्टीकरण जोडू नका.

घराची तक्रार खरी असू द्या. कुमुदचा मोठा भाऊ मॅट्रिक झाला आहे, टायपिंगच्या क्लासला जातो, फोर्टातल्या कचेऱ्यांत अर्ज टाकतो आणि परत येतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात माणसं गेली, १ मे १९६० ला राज्य झालं, आणि तरी आपल्याला कारकुनी मिळत नाही, हा त्याचा जळफळाट खोटा नव्हे. त्या काळात ‘मार्मिक’ साप्ताहिकातून कंपन्यांतल्या अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या ‘वाचा आणि थंड बसा’ या मथळ्याखाली छापून येत. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली आणि ‘हटाव लुंगी, बजाव पुंगी’ भिंतीभिंतींवर गेलं. भाऊ यादी मोठ्यानं वाचतो, कुमुद ऐकते. यादीत जलजाच्या वडलांचं नाव नाही. असणारच नाही, हॉटेलात रोज शेकडो इडल्या काढणाऱ्या माणसाचं नाव कोण छापणार? पण यादी ऐकता ऐकता कुमुदला पहिल्यांदा जाणवतं की जलजाचं आडनाव त्या आडनावांसारखं वाजतं. बेकार भावावर तिचं प्रेम आहे, हे विसरू नका. पूर्वग्रह तिच्यात शिरतो तो त्या प्रेमाच्या वाटेनं.

एक वाक्य या पायरीवर नक्की यायला हवं : ‘‘आपली जलजा तशी नाही हो.’’ कुमुदची आई ते खऱ्या आपुलकीनं म्हणते. एका मुलीला वगळलं की बाकी सगळ्यांबद्दल हवं ते मानायला मोकळीक मिळते, आणि वगळणं कधीही मागे घेता येतं. कथेत हे वाक्य दोनदा वापरा. दुसऱ्या वेळी त्यातलं ‘आपली’ गळालेलं असेल.

जलजाच्या घरातही ‘घाटी’ हा शब्द असेल. असू द्या, तो तेव्हा खूप घरांत होता. पण दोन्ही बाजूंची उधारी फिटावी म्हणून तो घालू नका. एका घराच्या शब्दानं मन दुखतं, दुसऱ्या घराच्या शब्दामागे उद्या रस्ता उभा राहणार आहे. ही दोन वजनं लिहिणाऱ्याला कळली पाहिजेत.

पायरी चौथी : दगा

दग्याचा प्रसंग दंगलीत घालू नका, तिच्या काही आठवडे आधी घाला, शांत संध्याकाळी. कुमुदला ‘नाही’ म्हणता येईल अशी जागा तिथे असली पाहिजे. गळ्याला सुरा लावून नाव विचारलं तर तो दगा होत नाही. आणि तिला त्या बदल्यात काहीतरी मिळालं पाहिजे, कितीही क्षुल्लक. माझ्या मसुद्यातला, कुमुदच्या तोंडचा तुकडा देते.

‘जिन्याखाली दादाची मित्रमंडळी बसली होती. बंड्यादादानं मला हाक मारली. तो आम्हा लहान पोरींकडे कधी बघायचासुद्धा नाही. म्हणाला, ‘‘काय गं, तू त्या सव्वीस नंबरात पडलेली असतेस ना? काय बोलतात ती लोकं?’’ मी म्हटलं, मला नाही माहीत. ‘‘असं कसं? तिथेच तर जेवतेस.’’ सगळे माझ्याकडे बघत होते. मी नाकात आवाज काढून म्हटलं, ‘‘अप्पेऽऽ!’’ केवढे हसले सगळे. दादा पण हसला. कितीतरी दिवसांनी हसला. ‘‘परत कर.’’ मी परत केलं, या वेळी कमरेवर हात ठेवून, कळशी असल्यासारखा. मग बंड्यादादानं स्वतः करून बघितलं. त्याला जमेना. मी म्हटलं, ‘‘असं नाही. शेवट लांबवायचा. ती असं म्हणते.’’’

माझ्या लेखी दगा ‘‘असं नाही’’ या दोन शब्दांत आहे. नक्कल करणं ही पोरकट चूक झाली असती. चुकीची नक्कल दुरुस्त करून देणं म्हणजे शिकवणं. आणि तिचा बेकार भाऊ कितीतरी दिवसांनी हसला, हे तिला मिळालेलं बक्षीस. हा तुकडा मी सात-आठ वेळा लिहिला. सुरुवातीच्या मसुद्यांत कुमुदला लगेच पश्चात्ताप होत होता. तो काढला. त्या संध्याकाळी ती खूश होती, हेच खरं आहे. तुमच्या कथेतही त्या क्षणी मुलाला काय वाटलं ते प्रामाणिकपणे आठवा. बहुधा ती शरम नसते. आपल्याला मोठ्यांत घेतलं, हा आनंद असतो.

जलजा जिन्यात उभी राहून हे ऐकते का? ऐकवू नका. आडून ऐकणं आपल्या कथांत फार झालं, आणि ऐकलं नाही तर पुढे काय होतं ते आता बघा.

पायरी पाचवी : दंगल, थोडक्यात

१९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई काही दिवस पेटली. तेव्हाचे उपपंतप्रधान मोरारजी देसाई शहरात आले असता माहीमला त्यांची गाडी अडवण्यावरून सुरुवात झाली. दगडफेक, जाळपोळ, गोळीबार, माणसं मेली, उडपी हॉटेलं फुटली. हे सगळं तुम्हाला माहीत असावं. दहा वर्षांच्या कुमुदला यातलं काय कळतं? शाळेला सुट्टी, रस्त्यावर बस नाही, वडील पाळीला गेले नाहीत, आणि जलजाचे वडील दोन दिवस घरी आलेले नाहीत. तेवढंच पानावर येऊ द्या.

त्या रात्री जलजा खाली नळावर अडकलेली आहे, जिन्यात अंधार आहे. सव्वीस नंबरच्या दाराबाहेर हाक येते, ‘‘अप्पेऽऽ’’, शेवट नीट लांबवलेला. आई कडी काढते.

आत काय घडतं ते दाखवायची गरज नाही. कुमुद आपल्या खोलीत आईच्या कुशीत आहे. तिला हाक ऐकू येते, कडी ऐकू येते, आणि मग रगडा कठड्यावरून खाली पडल्याचा आवाज. सकाळी गॅलरीभर वाळलेलं पीठ. जीव कुणाचा घेऊ नका. एका मृत्यूनं वाचकाचं लक्ष कुमुदवरून उडतं.

१९९२-९३ निवडणाऱ्यांसाठी एक सूचना. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये सादर झाला. त्यात पोलीस ठाण्यांच्या हद्दींप्रमाणे घटना दिल्या आहेत. तुमचा भाग त्यात वाचा, मग लिहा. पण त्यातल्या खऱ्या माणसांचं दुःख जसंच्या तसं पात्राला चढवू नका. त्या माणसांची मुलं अजून याच शहरात राहतात.

पायरी सहावी : जलजाला माणूस राहू द्या

अन्याय झालेल्याला देव करून टाकणं हाही एक पूर्वग्रहच. जलजा हट्टी असेल, सागरगोट्यांत लबाडी करत असेल, कुमुदच्या आईची साडी गावंढळ आहे असं एकदा बोलून गेली असेल. तिचं मराठी मोडकं दाखवू नका. ती मुंबईत जन्मली, पालिकेच्या मराठी शाळेत जाते, तिच्या तोंडी परळचीच भाषा असणार. तुळू शब्द देवनागरीत जसेच्या तसे ठेवा, दर वेळी अर्थ फोडून सांगत बसू नका. वाचक ‘अप्पे’ दोन ओळींत शिकतो.

आणि मसुदा त्या समाजातल्या माणसाला वाचायला द्या. मी दिला तेव्हा एका आजींनी मला पहिल्याच पानावर थांबवलं. माझी जलजा पहाटे कॉफी पीत होती. त्या म्हणाल्या, ‘‘आमच्या घरी तेव्हा पेज असायची गं, कॉफी कुठली परवडायला.’’ माझ्या डोक्यात दाक्षिणात्य म्हणजे कॉफी एवढंच होतं. पूर्वग्रहावर लिहिताना तो माझ्याच पानावर निघाला. असे दोन-तीन तुमच्याही पानावर निघतील.

पायरी सातवी : माफी

चाळीस वर्षांनी दोघी भेटतात, डोळ्यांत पाणी, ‘जाऊ दे गं, लहान होतो आपण’. हा शेवट मला सोसवत नाही. लहान होतो, हे म्हणायचा हक्क जलजाचा आहे, आणि लेखक तो तिच्या तोंडून फुकटात वसूल करतो. शिवाय आपल्या कथेत एक पेच आहे. ती हाक जिन्याखालच्या पोरांना कुणी शिकवली हे जलजाला माहीतच नाही. कुमुदनं माफी मागायची तर आधी सांगावं लागेल, आणि सांगितलं की जलजाच्या लहानपणातली एकुलती एक चांगली आठवण, तिघी हसल्या तो दिवस, तोही जाईल. सांगणं कुणासाठी, स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी की तिच्यासाठी? हा प्रश्न तुम्ही सोडवू नका. मोठेपणाचा भाग लिहायचाच असेल तर दोन पानांत आटपा आणि कुमुदला गप्प ठेवा.

पायरी आठवी : खोडणं

मसुदा आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. मग लाल पेन घेऊन ‘माणुसकी’, ‘जातधर्मापलीकडचं’, ‘निरागस’, ‘काळाच्या ओघात’ हे सगळे शब्द काढा. जिथे कुमुदच्या वतीनं तुम्ही वकिली केली आहे ती वाक्यं काढा. ‘तिला काय माहीत होतं’ अशी ती असतात. नंतर संवाद मोठ्यानं वाचा. ‘असं नाही’ म्हणताना तुमचा आवाज अडखळला नाही, तर त्याच्या आधीचं पान पुन्हा लिहावं लागेल. तिथे बहुतेक मैत्री कमी पडलेली असते.

शेवटची पायरी : थांबायची जागा

मी मोठेपणाचा भाग अखेर काढूनच टाकला. कथा दुसऱ्या दिवशीच्या पहाटे संपते. सव्वीस नंबरला कुलूप आहे. कुमुद सवयीनं उठून दूध केंद्रावर येते आणि रांगेत तिच्या लक्षात येतं, आज तिची पाळी होती, म्हणून दोन्ही कार्डं काल संध्याकाळपासून तिच्याचकडे आहेत. खिडकीवरचा माणूस हात पुढे करतो. तिनं एक कार्ड दिलं की दोन, हे लिहायला मला चार महिने लागले. तुमच्या कथेत ते तुम्ही ठरवा, आणि बाटल्या पिशवीत पडल्यावर पुढे एक ओळही लिहू नका.